रिकाम्या खुर्चीतली बाई

"ते स्वयंपाक सगळा करतंय नव्हं?" पद्माक्कांनी विचारलं.

'ते' म्हणजे कांचन. ती समोरच बसली होती. आक्कांनी हात लांब केला असता तर तिच्या गुडघ्याला लागला असता. पण प्रश्न तिच्या डोक्यावरून गेला तो तिच्या आईकडं.

"सगळं करतंय," राजमतीवहिनी म्हणाल्या. "मांडे तेवढे सोडून."

"शिवणटिपण?"

"निम्म्या जयसिंगपूरचे ब्लाउज तेच शिवतंय."

आमच्या भागात लग्नाच्या पोरीला 'ते' म्हणतात. लाडानंच म्हणतात, वासराला, पाळण्यातल्या बाळालाही तसंच म्हणतात. कपाटालाही म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

मग राजमतीवहिनींची पाळी आली. त्यांनी नवऱ्यामुलाकडं पाहिलं आणि विचारलं आक्कांना, "ह्यांना चहा चालतोय का?"

"चालतोय. साखर बेताची घाला त्याला."

नवरामुलगा सन्मती, म्हणजे आक्कांचा भाचा, हातातल्या बशीवरची वेलबुट्टी निरखत होता. हुपरीत चांदीचे पैंजण घडवायचा तो; नक्षी दिसली की त्याचे डोळे तिथं चिकटायचे. चहा आपल्याला चालतो की नाही यावर दोन बायकांची चर्चा झाली, निकाल लागला, साखर ठरली, आणि त्याला पत्ता नाही. कांचनला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सन्मतीलाही.

मी मधल्या खुर्चीवर होतो. मध्यस्थाची जागा मधेच असते. तसं माझं खताचं दुकान, पण आमच्या जैन मंडळींत बाबगोंडा पाटलाची ओळख खतापेक्षा सोयरिकींमुळं जास्त. मला माणसांचा जमाखर्च मांडायची खोड आहे. कुणाचे डोळे कुठं फिरतात, कोण कुणाचं वाक्य तोडतं, कोण पोहे कसे खातं. पोहे निम्मे ठेवले तर नकार, सगळे संपवले तर नुसती भूक, आणि परत मागितले तर पोरगी पसंत. आमच्यातल्या बऱ्याच घरांत पोह्यांत कांदाही नसतो, त्यामुळं चवीसाठी कुणी परत मागत नाही. हिशोब चोख बसतो.

त्या दिवशी माझ्या हिशोबात सगळं खर्चाच्याच बाजूला होतं. हुपरीहून येताना जीपमध्येच आक्कांनी मला सांगून टाकलं होतं. "तुमच्या शब्दासाठी येतेय बाबूआण्णा. पण मला कानाची सून पाहिजे. घरात एक मुका हाय, आणखी एक नेऊन काय भजनीमंडळ काढू? बेड." कन्नडात बेड म्हणजे नको. आक्का मूळच्या हुपरीच्या, पण दिल्या होत्या चिकोडीला. नवरा वारला, आणि इकडं सन्मतीची आई वारली, तेव्हा भावाचं घर सांभाळायला परत आल्या. मराठीत बोलायच्या, नकार मात्र कन्नडात द्यायच्या. सन्मतीचे वडील आलेच नव्हते. त्यांचा निरोप होता: आक्काला पटलं तर मला पटलं.

राजमतीवहिनींचंही मन यात नव्हतं. त्यांना कानाचा जावई हवा होता. तसे मी आणलेही होते: एक बायको सोडून गेलेला, एक पन्नाशीला आलेला, एक असा की ज्याची आई म्हणाली, "बरंच हाय की, उलटून बोलणार नाही." कांचननं प्रत्येक वेळी ताट आणलं, ठेवलं आणि आत निघून गेली ती बाहेर आलीच नाही. वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरात दोन पोरी, आणि धाकटीचं आधी ठरलेलं.

धाकटी स्नेहल. त्या घरात कांचनशी खरं बोलणारी तीच एक. दोघी हातांनी अशा भांडायच्या की बघणाऱ्याला वारा लागावा. आईच्या खुणा म्हणजे जेव, झोप, चल. त्यापुढं गाडी नाही. वैशाखात स्नेहल लग्न होऊन पुण्याला जाणार होती, आणि ती गेली की कांचनशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं. वहिनींना हे कळत नव्हतं असं नाही; पण त्यांना वाटायचं, नवरा ऐकणारा असला की झालं. कांचनला कुणी विचारलं नव्हतं. स्नेहलनं विचारलं होतं. म्हणूनच मला हुपरीला पाठवलं होतं तिनं.

"आणि ते जरा भित्रं हाय का?" आक्का पुढं सरकल्या. "एकटं राहतंय का घरात?"

"आक्का," स्नेहल दारात उभी होती, ती एकदम म्हणाली, "ते नाही, ती. आणि ती पण नाही, तू. समोर बसलीय की!"

"स्नेहल!" वहिनी ओरडल्या.

आक्का रागावल्या नाहीत. रागवण्याइतकंही त्यांचं मन त्या घरात नव्हतं. "अगं, तू म्हणून काय करू? तिला ऐकू जाणार हाय का?"

"तुम्ही तिच्याकडं बघून म्हणा, मी पोचवते."

"ऱ्हाऊ दे. मोठ्यांचं मोठ्यांत बरं असतंय."

मला तेव्हा कुठं लक्षात आलं. इतका वेळ त्या खोलीत तुम्ही, आम्ही, आमच्याकडं, तुमच्यात असा शब्दांचा पाऊस पडत होता, आणि ज्यांचं लग्न होतं त्या दोघांना त्यातला एक थेंब लागला नव्हता. त्यांच्या वाट्याला हे, ते, ह्याला, त्याला. आम्ही समोरासमोर बसवून दोघांना घराबाहेर ठेवलं होतं.

आता बोलणी संपत आली होती. आक्कांनी पोहे निम्मे ठेवले होते. मी शेवटचा खडा टाकून पाहिला. "मुलामुलीला जरा बोलू द्या की आक्का. वेगळी खोली नको, गच्ची नको. इथंच बोलतील, ऐकणार कोण हाय?"

स्नेहल फिसकन हसली. आक्का पण हसल्या, पहिल्यांदाच. "बोलू दे बापडे. आपला चहा होईपर्यंत."

स्नेहलनं कांचनला खूण केली. कांचननं मान वर केली आणि सन्मतीकडं पाहिलं. मग तिचे हात मांडीवरून उठले.

सोयरिकीत पोरं पहिल्यांदा बोलतात ते मी पुष्कळ ऐकलंय. "किती शिकलात?" "आवड काय?" आणि मग खिडकीबाहेरचं झाड बघत बसतात. हे दोघं तसे नव्हते. सन्मतीनं बशी खाली ठेवली आणि वर्षानुवर्षं बंद असलेलं दुकान उघडावं तसा तो सुरू झाला. त्या पोराला मी लहानपणापासून ओळखत होतो. तो गप्प आहे, गरीब आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो. गप्प कसला, आमच्या मुलखातला एक नंबरचा बडबड्या होता तो. मूकबधिरांची शाळा सुटल्यापासून समोर ऐकणारं कुणी नव्हतं एवढंच.

त्यांची बोटं सारखी इकडं तिकडं जात होती. छातीकडं, समोर, माझ्याकडं. कांचननं आक्कांकडं बोट केलं.

आक्कांचा कप तोंडाशीच थांबला. "माझ्याकडं बोट कशाला करतंय?"

"तुम्ही कोण, असं विचारतीय," स्नेहल म्हणाली. "बोट केलं की ते माणूस. त्यांच्यात तो, ती, तुम्ही, सगळं बोटच."

"आमच्यात मोठ्या माणसाला बोट दाखवत नाहीत."

"मान राखला की तिनं, आक्का. तो बोटात नसतोय, तोंडावर असतोय. बोट करताना मान लववली, बघितली नाही तुम्ही?"

खरं तर मीही बघितली नव्हती. पुढच्या वेळी बघितली. तिनं माझ्याकडं बोट केलं तेव्हा मान लववली नाही, भुवई उडवली. माझ्याविषयी काय चाललं होतं ते मी विचारलं नाही.

मग सन्मती उठला. आक्कांच्या शेजारी एक खुर्ची होती, तिच्यावर आक्कांची पिशवी ठेवलेली. त्यानं ती पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली. खुर्ची मोकळी केली, तिची पाठ जरा सरळ केली, आणि जागेवर येऊन त्या रिकाम्या खुर्चीकडं बोट केलं.

त्यानंतर दोघंही बोलताना त्या खुर्चीकडं बघायला लागले. सन्मती काहीतरी सांगायचा, बोट खुर्चीकडं जायचं. कांचन विचारायची, तिचंही बोट तिथंच. एकदा दोघं खुर्चीकडं बघून हसले. मग सन्मतीनं स्वतःचा पंजा आपल्या गळ्याशी नेला, डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला. कांचनचे डोळे भरून आले.

आक्कांनी आधी सन्मतीकडं पाहिलं, मग शेजारच्या खुर्चीकडं. अंग चोरून त्या या बाजूला सरकल्या. "तिथं कोण हाय? काय बघून हसतोय हा?" त्यांनी जमिनीवरची पिशवी उचलली. "अय्यय्यो, घरी असलं कधी केलं नाही त्यानं. येऊन घटका झाली नाही तर वेड लावलं पोराला." त्या उठल्याच. "चला बाबूआण्णा. दिवस बुडायच्या आत जेवण व्हायला पाहिजे माझं. राजमतीबाई, कळवतो आम्ही."

'कळवतो' म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको. वहिनींनाही नको होतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. कानाचा जावई हवा असला तरी नकार ऐकायला कुणाला आवडतंय?

आक्का उठल्या तशी सन्मतीची बोटं थांबली. त्याचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा परत पाहिला नाही. उघडलेल्या दुकानाची फळी कुणीतरी बाहेरून लावायला घेतली होती, आणि ते त्याला दिसत होतं.

स्नेहल पुढं आली. पण तिनं लगेच तोंड उघडलं नाही. आधी सन्मतीपुढं उभी राहून तिनं हातानं काहीतरी विचारलं. त्यानं बराच वेळ तिच्याकडं पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

"मी त्यांना विचारलं, सांगू का," ती आक्कांना म्हणाली. "कारण ते दोघांतलं बोलणं होतं. आक्का, त्या खुर्चीवर त्यांची आई हाय."

आक्का खुर्चीपासून आणखी एक पाऊल मागं सरल्या.

"घाबरू नका हो. भूत नव्हे. समोर नसलेल्या माणसाविषयी बोलायचं असलं की त्यांच्यात त्याला एक जागा देतात. इथं अमुक बसलाय असं एकदा ठरलं की मग तिकडं बोट केलं की तो. सन्मतींनी आईला तिथं बसवलंय, तुमच्या शेजारी. आता बोलणं संपेपर्यंत ती तिथंच."

"त्याला आई आठवत नाही," आक्का म्हणाल्या. "एवढंसं होतं ते."

"आठवते."

"आठवत नाही म्हणते ना मी! एकदा कधी विचारलं नाही त्यानं."

स्नेहलनं खुर्चीकडं एकदा पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हिरव्या बांगड्या असायच्या तिच्या हातात, कोपरापर्यंत भरून. भाकरी थापताना त्या हलायच्या, सन्मती बघत बसायचे. आणि त्यांना झोपवताना ती त्यांचा पंजा आपल्या गळ्यावर ठेवून गाणं म्हणायची. गळा थरथरायचा. त्यांना वाटायचं, गाणं म्हणजे तेच. अजून वाटतं म्हणे."

आक्का खाली बसल्या. बसताना त्यांनी शेजारची खुर्ची सावरली, धक्का लागू नये म्हणून. आपण काय केलं ते त्यांचं त्यांना कळलं नसावं.

"आम्ही फोटो उतरवून ट्रंकेत टाकला," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. "पोर बघून कष्टी होईल म्हणून. घरात तिचं नाव काढायचं नाही ठरवलं. नाव काढलं तरी त्याला कुठं ऐकू येणार होतं, पण नाही काढलं."

सन्मती त्यांच्या तोंडाकडं बघत होता. मग त्याचं बोट खुर्चीकडं गेलं, तिथून आक्कांकडं, आणि स्वतःच्या छातीशी थांबलं. त्यानं कांचनला काहीतरी विचारलं. कांचननं स्नेहलकडं पाहिलं.

"काय म्हणतोय?" आक्कांनी विचारलं.

"ते विचारतात…" स्नेहल अडखळली. "ती दवाखान्यात होती तेव्हा त्यांना तुमच्याकडं चिकोडीला का पाठवलं? परत आले तर घरात ती नाही, तिच्या जागी तुम्ही. त्यांना वाटत आलंय की त्यांचं काहीतरी चुकलं असेल. म्हणून तिनं शेवटी त्यांना बोलावलं नाही."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. एवढी वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवलेली दोन माणसं, आणि त्या पोराच्या पोटात हे!

"काविळीनं गेली ती," त्या पदराआडून बोलल्या. "शेवटी हळदीसारखी पिवळी झाली होती. मी भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, आक्का, त्याला घेऊन जावा. त्यानं मला अशी बघायला नको. हिरव्या बांगड्यांत बघितलंय, तेवढंच त्याच्याजवळ राहू दे." त्यांनी नाक पुसलं. "सांग पोरी. सांग त्याला हे सगळं."

स्नेहलनं हात उचलले. पण कांचननं पुढं होऊन तिची दोन्ही मनगटं धरली आणि खाली केली. मग आक्कांकडं वळली. बोट केलं, मान लववली आणि वाट बघत राहिली.

"हे काय?" आक्का गोंधळल्या.

"तुम्ही सांगा म्हणतीय," स्नेहल म्हणाली.

"मला कुठं येतंय त्यांचं?"

"येतंय का नाही ते तिनं विचारलं नाही. तुम्ही सांगा, एवढंच म्हणतीय."

कांचनच्या आधीच्या तिन्ही पाहुण्यांना मी आणलं होतं, त्यामुळं तिचा हट्ट मला ठाऊक होता. ती हलणार नव्हती. आक्कांनाही ते कळलं असावं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आपल्याला बघून कोण हसतंय का ते, आणि हळूच खुर्चीकडं हात केला. बोट नाही, उघडा तळवा. देवळात दाखवतात तसा. मग मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या दाखवल्या. मग तोंडावरून हात फिरवला आणि समोरच्या पितळी तांब्याला बोट लावलं: पिवळी. मग खुर्चीच्या जागेवरून, जणू त्या बाईच्याच हातानं, हवेत एका लहान पोराचे डोळे झाकले. आणि तोच हात त्या पोराच्या गालावरून फिरवला. दोनदा.

त्यात व्याकरण काय होतं, देव जाणे. सन्मतीला सगळं कळलं. तो काही रडला-बिडला नाही. त्यानं एक मोठा श्वास सोडला, आमच्या कुणाला ऐकू गेला नसता इतका हळू, पण त्याचे खांदे उतरलेले मला दिसले. मग तो कांचनकडं वळून भराभर हात करायला लागला, खुर्ची, आक्का, मी, खुर्ची. आणि आक्का बघत राहिल्या. समजत काही नव्हतं त्यांना. पण त्यांचा भाचा बोलत होता, आणि तो असा बोलतो हे त्यांना आज कळत होतं.

"बाबूआण्णा," त्या मला म्हणाल्या, "हा घरी एवढं कुणाशी बोलणार हो?"

मध्यस्थानं कुठं गप्प बसायचं हे ज्याला कळतं त्याच्याच सोयरिकी टिकतात.

पण वहिनी राहिल्या होत्या. डोळे पुसून झाले तरी त्यांचा चेहरा मोकळा झाला नव्हता. "आक्का, तुमचं मन वळलं तर माझं भाग्यच," त्या म्हणाल्या. "पण मी आई हाय. लोक बोलतात त्याचं मला काही नाही. मला एकच भीती वाटते, आणि ती मी आजवर कुणाला बोलले नाही." त्यांनी कांचनकडं पाहिलं. "उद्या ह्यांच्या घरात पाळणा हलला, आणि बाळ रात्री रडायला लागलं, तर ऐकणार कोण?"

अवघड प्रश्न होता. लग्न ठरलं नाही तोवर पाळण्याचं काढलं म्हणून एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. तेव्हा जमलं नाही. कानाच्या सुनेसाठी अडून बसलेल्या आक्काही हेच विचारायच्या बेतात आल्या असतील असं मला वाटलं.

आक्का ताडकन म्हणाल्या, "का? मी काय बहिरी हाय?"

वहिनी बघतच राहिल्या.

"चिकोडीत माझ्या सासूला खोकला आला तर मी दोन खोल्या पलीकडनं उठत होते. बाळाचं काय घेऊन बसलाय! ते नुसतं कुरकुरलं तरी मी जागी." मग त्यांना आपण काय कबूल करून बसलो ते जाणवलं, आणि त्या मला दटावायला लागल्या. "हसताय काय बाबूआण्णा? तोंड मिटा."

कांचन स्नेहलच्या बाहीला ओढत होती. सगळ्यांची तोंडं एकदम बदलली होती, आणि काय झालं ते तिला कळायला हवं होतं. स्नेहल लाजली, आईकडं बघून घेतलं, आणि मग हातांनी सांगून टाकलं, पाळणा, रडणं, आई, आक्का, सगळं. कांचन कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. सन्मतीनं छताकडं पाहिलं, तिथं नक्षी नव्हती.

मग कांचननं हात उचलला. आक्कांकडं वळून मान लववली, आणि आक्कांच्या मांडीवर, लुगड्याच्या ओच्याच्या जरा वर, हवेत एका जागी बोट टेकवलं. अगदी अलगद. सन्मतीनं ती जागा पाहिली, आणि थोडं थांबून त्यानंही तिथंच बोट केलं.

आक्कांनी मांडीकडं पाहिलं. "आता हे कोण आणून बसवलं?"

"अजून कुणी नाही," स्नेहल म्हणाली. "पण जागा ठरली."

"मुलगा का मुलगी?"

"त्यांच्यात ते नसतंय आक्का. बोट नुसतं."

आक्कांनी "हं" केलं. मग त्यांनी पदराचं टोक सोडवून घेतलं आणि मांडीवर ओढून घेतलं, पंख्याचा वारा लागत असावा तसं. बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. मी उठलो, वहिनी उठल्या, मुलंही उठली. आक्कांना तो हॉर्न आम्हा सगळ्यांइतकाच ऐकू येत होता, पण त्या मांडी हलवेनात.